आवाज कसा हाय?

भिमाजी मिस्त्रीला बॉनेट उघडायची कधी घाई नसायची. गाडी गॅरेजच्या दारात येऊन थांबली की तो हातातला चहा खाली न ठेवता म्हणायचा, "बंद करू नको. चालू ऱ्हाऊ दे." मग गाडीकडे पाठ करून, शिवनेरीकडे तोंड करून उभा राहायचा. ड्रायव्हर बिचारा तक्रारींचा पाढा वाचत असायचा, पण मिस्त्रीचं तिकडे लक्षच नसायचं. चहा संपला की सांगायचा, "दुसऱ्या नंबरचा व्हॉल्व जळलाय." हेड उघडलं की दुसऱ्या नंबरचाच व्हॉल्व जळलेला निघायचा. फारच शंका आली तर तो लांब स्क्रूड्रायव्हर काढायचा. त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. त्या वेळी त्याला हाक मारायची कुणाची छाती नव्हती.

लोक बायडाबाईची चेष्टा करायचे. "वहिनी, मिस्त्रीला इंजिनाचं समदं ऐकू येतं, तुमचं तेवढं येत नाय." ती पदर तोंडाला लावून हसायची. पुढं पुढं ही चेष्टा करायचं लोकांनी आपणहून सोडून दिलं. मिस्त्रीला खरोखरच कुणाचं ऐकू येईनासं झालं होतं.

बायडाबाई घाटघरची. डोंगरातली मुलगी, लग्न होईपर्यंत तिनं इंजिन असं जवळून कधी पाहिलंच नव्हतं. भिमाजी तेव्हा सरकारी लिलावातून घेतलेल्या जुन्या पेट्रोल जीपमधून जुन्नर-घाटघर माणसं वाहायचा, आणि उरलेल्या वेळात जुन्नरच्या एका उस्तादाच्या हाताखाली काम शिकायचा. त्याच जीपमधून त्यानं तिला लग्न करून आणलं. पुढं गावाबाहेर आपटाळ्याच्या रस्त्याला त्यानं दोन खोल्या बांधल्या आणि लागूनच गॅरेज काढलं. मध्ये नुसता पत्रा. चुलीपाशी बसलं तरी पलीकडचं इंजिन भाकरी थापणाऱ्या हाताला जाणवायचं. बाकीचे नवरे जेवताना शेताचं नाहीतर भावकीचं बोलतात, हा आवाजांचं बोलायचा.

"आज सकाळी आली ती गाडी ऐकली का? टिकटिक करत व्हती ती?"

"ऐकली की."

"ती टॅपेट. टिकटिक चालंल, टिकटिकीनं गाडी मरत नाय. पर टकटक आली, आतनं, पोटातनं, तर समजायचं बेरिंग हाय. मंग एक कोस बी न्यायची नाय गाडी. जाग्याला बंद करायची."

असं पंचवीस-तीस वर्षं ऐकल्यावर कुणालाही कळायला लागेल. बायडाबाईलाही कळायला लागलं, पण आपल्याला कळतं हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. बाईमाणसाला त्याचा उपयोग तरी काय, असं तिला वाटायचं. आणि खरं सांगायचं तर मिस्त्री घरात असताना दुसऱ्या कुणाच्या कानाची गरजच नव्हती.

कान गेले ते हळूहळू. आधी रुपालीचा, त्याच्या मुलीचा, घोडेगावहून येणारा फोन त्याला नीट कळेना. मग तो माणसाच्या डोळ्यांकडे बघायचं सोडून तोंडाकडे बघायला लागला. ओठांच्या हालचालीवरून तो बरंचसं ओळखायचा, त्यामुळे गावाला कळायला वेळ लागला. मंचरच्या डॉक्टरनं सांगितलं की आयुष्यभर इंजिनापाशी कान नेऊन हे झालंय, आता परत येणार नाही. कानाला मशीन दिलं. ते लावून मिस्त्री गॅरेजात गेला आणि दहा मिनिटांत घामाघूम होऊन बाहेर आला. मशीनमधून सगळीच इंजिनं एकसारखी बोंबलायची. ते मशीन त्यानं नट-वायसरांच्या डब्यात टाकलं.

तरीही तो काम करतच राहिला, आणि तिथंच चुकलं. गेणभाऊ म्हणून त्याचं जुनं गिऱ्हाईक होतं, बेल्ह्याच्या बाजाराला टेंपोतून बैलं न्यायचा. त्याचा टेंपो मिस्त्रीनं तपासला, हात लावून बघितला आणि म्हणाला, "जा बिनघोर." आळेफाट्याच्या पुढं इंजिन जाम झालं. उन्हात, भर रस्त्यात, बैलं गाडीत उभी. गेणभाऊ भला माणूस, एका शब्दानं बोलला नाही. "व्हतंय राव," म्हणाला. पण महिन्याभरानं त्याचा टेंपो नारायणगावच्या दुसऱ्या गॅरेजात उभा असलेला मिस्त्रीनं एसटीच्या खिडकीतून पाहिला. घरी आला, गॅरेजचं शटर ओढलं आणि कुलूप घातलं. गेणभाऊनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मिस्त्री एकदाच म्हणाला.

त्यानंतरची दोन वर्षं बायडाबाई आठवतसुद्धा नाही. मिस्त्री ओट्यावर बसायचा. दाढी वाढली तर वाढली. समोर रस्त्यानं गाड्या जायच्या, तो त्यांच्याकडे बघायचाही नाही. जेवायला वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही. रुपाली येऊन रडून गेली. बायडाबाई देवीला म्हणायची, ह्याला भांडायला तरी लाव गं बाई. माणूस जिवंत आहे आणि घरात नाही, हे दुःख तिनं कुणाला सांगायचं?

आणि मग यंदा भाद्रपदात, एका सकाळी, घरामागं जीपवर टाकलेली ताडपत्री त्यानं खसकन ओढली.

ती जीप म्हणजे लग्नातली तीच. लोकांच्या गाड्या दुरुस्त करता करता घरची गाडी तशीच राहिली होती, आणि वर्षानुवर्षं कोंबड्या तिच्या मागच्या सीटवर अंडी घालत होत्या. पूर्वी दर दसऱ्याला मिस्त्री ती घेऊन घाटघरच्या शिवेपर्यंत जायचा, शीव ओलांडायचा आणि तिथल्याच आपट्याचं सोनं घेऊन यायचा. बायडाबाई शेजारी बसलेली असायची. माहेरच्या वाटेवर नवऱ्याशेजारी पुढच्या सीटवर बसून जाणं, एवढंच त्या बाईच्या आयुष्यातलं मिरवणं.

"इंजिन उतरवतो," तो म्हणाला. "समदं नवं भरतो. दसऱ्याला ही तुझ्या म्हायेरच्या शिवंपातुर गेली, तर शटर उघडीन. न्हाई गेली, तर समदी हत्यारं भंगारात. मंग हाय ओटा आन मी हाय."

ओटा काय असतो ते तिनं दोन वर्षं बघितलं होतं.

काम सुरू झालं. जांभळाच्या जाड फांदीला साखळीची पुली बांधून दोघांनी इंजिन वर उचललं आणि अंगणात आणून ठेवलं. बोरिंग आणि क्रँकचं काम तेवढं नारायणगावला लेथवर, बाकी सगळं घरी. बायडाबाईनं घमेल्यात रॉकेल घेऊन एकेक भाग धुतला. तिची नखं काळी झाली ती मग निघालीच नाहीत. शेजारणींनी नाकं मुरडली. पण मिस्त्री दाढी करायला लागला होता, दोन भाकरी जास्त खायला लागला होता, आणि एकदा तर पाना जागेवर दिसला नाही म्हणून तिच्यावर चांगला खेकसला. ती आत जाऊन देवीला हात जोडून आली.

काम करताना तो तिला सारखा हाका मारायचा. पिस्टनचा रॉड दोरीला टांगून त्यावर हातोडी हलकेच मारायचा आणि विचारायचा, "काय म्हणती?"

"देवळातल्या घंटंवानी."

"आन ही?"

"हीबी तशीच."

तिसरा रॉड मारला तेव्हा ती म्हणाली, "हा बसका बोलला जरा." मिस्त्रीनं तो उन्हात धरून फिरवून फिरवून बघितला. केसाएवढी चीर होती. त्यानं तो बाजूला टाकला, जुन्या बाजारातून दुसरा आणला, तोही दोरीला टांगून तिच्यासमोर वाजवला, मगच घेतला. गिअरच्या दात्यांवर, व्हॉल्ववर, सगळ्यावर तो तिला बोलवायचा आणि तिच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. एकटं काम करताना बोलायला कुणीतरी लागतं, म्हणून आपल्याला विचारतो, असंच बायडाबाईला वाटत होतं. त्यापलीकडं तिनं विचार केला नाही.

रॉडचे नट कसायचा दिवस आला तो नेमका घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. घट बसायच्या आधी घरातली गोधडीन् गोधडी धुवून निघाली पाहिजे, ही तिकडच्या बायकांची रीत, तिच्यात हयगय नाही. बायडाबाई गोधड्यांचं बोचकं डोक्यावर घेऊन नदीला गेली. मिस्त्रीनं एकट्यानं नट कसले. तो आयुष्यभर नट कानानं कसत आला होता. शेवटच्या पाव फेऱ्याला नट 'कुंई' करून बोलतो, तो बोलला की थांबायचं, असं त्याच्या उस्तादानं त्याला शिकवलं होतं. आता बोललेला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यानं हाताच्या अंदाजानं कसले. संध्याकाळी ती ओल्या गोधड्या घेऊन परतली तेव्हा इंजिनाचं खालचं चेंबर बसवून झालं होतं, नट आत झाकले गेले होते.

अष्टमीला संध्याकाळी इंजिन सुरू झालं. हँडल मारून मारून मिस्त्रीचा शर्ट भिजला. आधी नुसता धूर, मग दोनदा शिंक, आणि मग ते धरलं. मिस्त्रीनं दोन्ही तळवे बॉनेटवर ठेवले. त्याला हातातून कळत होतं तेवढं कळलं आणि तो तिच्याकडे वळला.

"आवाज कसा हाय?"

इंजिन थंड होतं, हळू चालत होतं. आवाज खरंच चांगला होता.

"लई ब्येस हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. रुपाली सकाळीच झेंडूच्या माळा घेऊन घोडेगावहून आली. बंद शटरसमोर धुतलेली चादर अंथरून मिस्त्रीनं सगळी हत्यारं मांडली. पाने, पकडी, हातोड्या, आणि मधोमध तो लांब स्क्रूड्रायव्हर. हळदकुंकू वाहिलं, फुलं वाहिली. या पूजेचा उस्तादानं घालून दिलेला एक नेम होता. नवमीला पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याला शीव ओलांडून आणलेलं सोनं वाहिल्याशिवाय उचलायचं नाही. वर्षातला एवढाच त्यांचा विसावा. एका वर्षी एक पुढारी नवमीला बंद पडलेली गाडी घेऊन दारात दोन तास बसला. मिस्त्रीनं त्याला चहा पाजला, पोहे खायला घातले, पण पाना उचलला नाही.

हत्यारांची पूजा झाली आणि तो जीपकडे वळला. नारळ फोडायच्या आधी गाडी सुरू करायची त्याची पद्धत. हँडल मारलं. इंजिन सुरू झालं. थोडं तापू दिलं, आणि मग त्यानं रेस दिली.

बायडाबाईच्या हातात आरतीचं ताट होतं. तिनं ते ऐकलं.

टक, टक, टक. आतून, पोटातून. रेस वाढली की घाई करायचं, रेस सोडली की बसायचं, पण होतं. टिकटिक नव्हती ती. तिनं स्वतःची पुष्कळ समजूत घातली, टिकटिक असेल, टिकटिक असेल. पंचवीस वर्षं पत्र्याआडून ऐकलेला आवाज, तो काय समजूत घालून बदलतो? रुपाली शेजारीच उभी होती, तिनंही ऐकला असणार, पण तिला सगळं इंजिनच वाटत होतं. ती मोबाइलवर फोटो काढत होती. मिस्त्री एक हात मडगार्डवर ठेवून उभा होता. डोळे मिटलेले, तोंडावर हसू. असं हसू तिनं त्याच्या तोंडावर कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

त्यानं इंजिन बंद केलं, नारळ फोडला, पाणी चाकांवर शिंपडलं. तेवढ्यात रस्त्याला टेंपो थांबवून गेणभाऊ आत आला. टोपी काढून त्यानं हत्यारांना हात जोडले आणि मिस्त्रीसमोर येऊन, त्याला ओठ दिसतील असं, सावकाश बोलला, "मिस्त्री, दसऱ्यानंतर शटर उघडनार म्हन्त्यात. पयली गाडी माझी. आत्ताच सांगून ठेवतो."

मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तो मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "ही चालली तर उघडीन. हिला इचार, आवाज कसा हाय."

सगळे बायडाबाईकडे बघायला लागले. मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत होता.

आता इथं कुणी म्हणेल, सांगून टाकायचं होतं. म्हणणाऱ्याचं काय जातं! तिच्या जागी उभं राहून बघा. हत्यारं पूजेत बसलेली, हा माणूस मेला तरी उद्या संध्याकाळपर्यंत पान्याला हात लावणार नाही. सांगितलं तर जीप उद्या जागची हलणार नाही. शीव ओलांडली नाही की हत्यारं भंगारात, ही त्यानं स्वतःच्या जिभेनं घातलेली अट. आणि हे सगळं गेणभाऊसमोर, ज्याचा टेंपो आळेफाट्यापुढं बंद पडला होता त्याच गेणभाऊसमोर! तिनं मनात म्हटलं, उद्याचा दिवस देवी निभावून नेईल. जाऊन येऊ, सोनं वाहू, मग सांगू. मग तो चेंबर खोलील, जे असेल ते नीट करील. एका दिवसानं काय होतंय?

"ब्येस हाय," ती म्हणाली. "कालच्यापरीस ब्येस."

मिस्त्रीनं गेणभाऊच्या पाठीवर थाप मारली.

तो दिवसभर ती काही ना काही निमित्त काढत राहिली. उद्या जवळच जाऊ, घाटघर लांब पडतं. माझी कंबर दुखती. रस्ता लई खराब झालाय म्हन्त्यात. मिस्त्री तिच्या ओठांकडे बघून हसत होता. "येवढी वर्सं म्हायेरला न्हे म्हन्ती, आन आता नेतोय तर कंबर?"

दसऱ्याला दुपारी दोघं निघाली. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. रुपालीनं जीपला माळ घातली. आपटाळे मागं पडेपर्यंत आवाज तसाच होता. बायडाबाई पायांच्या तळव्यांनी ऐकत होती. दोन्ही बाजूला भातखाचरं ओंबीवर आली होती, डोंगरउतारावर शेवटचा तेरडा उरला होता, आणि मिस्त्री तिला बोटानं एकेक दाखवत होता. "तितं आपली जीप पंक्चर झाली व्हती, ध्यानात हाय? तू आन तुझा भाव वरात सोडून चालत निघाले व्हते." ती मान हलवत होती. टक, टक, टक. आता रेस सोडली तरी आवाज बसत नव्हता.

चढ लागला आणि तिचा धीर सुटला. आता सांगायचं, आत्ताच. पण ह्याला सांगायचं म्हणजे ह्यानं तोंडाकडे बघायला हवं, आणि ह्याचे डोळे रस्त्यावर. ती ओरडली, "अवं, थांबा!" तिचं ओरडणं तिलाच ऐकू आलं. मग तिनं गिअरवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला आणि दाबला. मिस्त्रीला वाटलं, माहेर जवळ आल्याचा आनंद. रस्त्यावरची नजर न काढता त्यानं तिचा हात आपल्या हातात धरला, तिकडच्या पुरुषाला शोभणार नाही इतका वेळ धरला आणि गाडी तशीच चढवली.

शीव दिसत होती. कडेचा दगड, त्याच्याजवळची आपट्याची झाडं, सगळं दिसत होतं. तेवढ्यात आत काहीतरी फुटलं. पाट्यावर वरवंटा पडावा तसा आवाज झाला, आणि गाडी जागच्या जागी मेली. मिस्त्रीला आवाज आला नाही, पण स्टिअरिंगमधून त्याच्या हाताला बसलेला झटका तिनं पाहिला. त्यानं ब्रेक दाबला, मागच्या चाकाला दगड लावला आणि खाली वाकून बघितलं. ब्लॉकला भोक पडून रॉड बाहेर आला होता. ऑइल रस्त्यावरून खाली ओघळत चाललं होतं.

भोकाच्या कडेवरून त्यानं बोट फिरवलं. मग उठला, हात शर्टाला पुसले आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"कवापासनं वाजत व्हतं?"

खोटं बोलायला आता जागा नव्हती. "कालपासनं," ती म्हणाली. "नारळ फोडायच्या आधी."

"काय वाजत व्हतं?"

"टकटक."

तिचे ओठ थांबले तरी तो त्यांच्याकडे बघत राहिला. आणखी काही येईल असं त्याला वाटत असावं. तिला रडू फुटलं. तो रागावला नाही. रागावला असता तर तिनं पाय धरले असते.

"माझं कान गेलं हे मला ठावं नाय व्हय गं?" तो म्हणाला. "मी तुझ्या कानावर शटर उघडनार व्हतो, बायडे."

अंगणातले ते दोरीला टांगलेले रॉड, ते 'काय म्हणती', ते तोंडाकडे बघत उभं राहणं, सगळं तिला तेव्हा त्या चढावर कळलं. तो गप्पा मारायला विचारत नव्हता. कान तिचा आणि हात आपला, असं त्यानं मनाशी धरलं होतं. महिनाभर तो तिची परीक्षा घेत होता, आणि ती प्रत्येक वेळी उतरली होती.

मिस्त्री पायी चालत शिवेपर्यंत गेला. दगडाच्या पलीकडं पाऊल टाकलं, आपट्याची डहाळी मोडली आणि परत आला. रीतीप्रमाणं तिच्या हातावर पानं ठेवली. ती पाया पडली. तोपर्यंत त्यानं मान दुसरीकडे केली होती.

निरोप गेला तसा गेणभाऊनं टेंपो आणून जीप ओढून घरी पोचवली. या वेळी तो 'व्हतंय राव' म्हणाला नाही. दिवेलागणीला मिस्त्रीनं हत्यारांना सोनं वाहिलं, रिंगपाना उचलला आणि खालचं चेंबर खोललं. बाहेर आलेल्या त्या दुसऱ्या नंबरच्या रॉडचा नट बोटानं फिरत होता. तो नट त्यानं तळहातावर घेऊन तिला दाखवला.

"नटाचं माझं चुकलं. तू नदीवरनं येस्तवर थांबायला पायजे व्हतं." एवढंच म्हणाला. वेळेवर खोललं असतं तर अर्ध्या दिवसाचं काम होतं ते, चेंबर खोलायचं आणि नट कसायचा. दोघांनाही ते माहीत होतं.

भंगारवाला पुढच्या आठवड्यात आला. पाने, पकडी, पुली, सगळं पोत्यात भरून गेलं. बायडाबाईनं लांब स्क्रूड्रायव्हर आधीच उचलून तांदळाच्या डब्यामागं ठेवला होता. मिस्त्रीला तो पोत्यात नाही हे दिसलं असणार. त्यानं पोत्याचं तोंड बांधून दिलं.

तिनं पुष्कळ सांगितलं. "पुन्यांदा उघडू. देवीच्यान, आता खरं तेच सांगीन. कुनी बी समोर असू दे." पण सांगायचं म्हणजे त्यानं बघायला हवं. तो अबोला धरून बसलाय असंही नाही. भाकरी वाढ म्हणतो, रुपालीचा फोन आला व्हता का म्हणून विचारतो. विचारतो, आणि तिचं तोंड उघडायच्या आत मान वळवतो.

परवा गेणभाऊचा टेंपो बेल्ह्याच्या बाजाराला निघाला होता. घरावरून गेला तेव्हा बायडाबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि कान दिला.

"टॅपेट हाय," ती ओट्याकडे बघून मोठ्यानं म्हणाली. "टिकटिक हाय नुसती. टकटक नाय. ऐकलं का? चालंल त्याला."

मिस्त्री तिच्याकडे पाठ करून, शिवनेरीकडे तोंड करून बसला होता, पूर्वी गाडी ऐकताना उभा राहायचा तसाच. टेंपो वळणाआड गेला. ती पुन्हा एकदा तेच म्हणाली, आणि मग तांदूळ निवडायला लागली.